जप्त ट्रॅक्टर आणि माल कोर्टातून सोडवताना

ट्रॅक्टर ठाण्यात लागला की कास्तकाराचा पहिला फोन पुढाऱ्याला जातो, दुसरा ओळखीच्या जमादाराला, आणि वकिलाचा नंबर लागतो आठवडाभरानं. तोवर बॅटरी बसलेली असते आणि ट्रॉलीतल्या सोयाबीनला वास सुटलेला असतो. तालुक्याच्या कोर्टात सुपुर्तनाम्याची, म्हणजे जप्त वस्तू खटला संपेपर्यंत बंधपत्रावर मालकाच्या ताब्यात घेण्याची, कामं रोज करणाऱ्या आम्हा लोकांच्या हिशेबानं कोर्ट जेवढा वेळ खातं, त्याच्या दुपटीनं वेळ जातो चुकीच्या दारात उभं राहण्यात आणि अपुऱ्या कागदांत.

म्हणून पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारायची: गाडी धरली कोणी, आणि कोणत्या कायद्याखाली? चोरी, अपघात, मारामारी अशा गुन्ह्यात पोलिसांनी धरली असेल तर अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. रेती असेल तर आधी महसूल. सागवानासकट वनविभागानं धरली तर भारतीय वन अधिनियम, 1927 च्या महाराष्ट्र दुरुस्तीतल्या कलम 61-ए खाली सरकारजमा करण्याची कारवाई प्राधिकृत वन अधिकाऱ्यापुढं चालते. ती सुरू झाली की 61-जी मुळे दंडाधिकाऱ्यांचे हात बांधले जातात, आणि वन अधिकाऱ्याच्या आदेशावर अपील सत्र न्यायालयात, 30 दिवसांत. रेशनचा तांदूळ असेल तर जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम 6-ए खाली जिल्हाधिकारी. दारूच्या केसमध्ये ठरलेल्या प्रमाणाहून जास्त माल गाडीत सापडला असेल, तर निकाल लागेपर्यंत ती बंधपत्रावर सोडायलाच कायद्याची मनाई आहे. दारूबंदीच्या वर्धा, गडचिरोलीकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. गडचिरोलीत वनविभागानं धरलेला ट्रक सोडवायला दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन तारखा मोजत बसलेली माणसं दरवर्षी दिसतात, आणि तिकडे अपिलाची मुदत संपून जाते.

हे कळायला दोन कागद पुरतात, एफआयआर आणि जप्ती पंचनामा. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही निघते. पंचनाम्याची प्रत मात्र मागावी लागते, आणि खरी मेख तिथंच असते. पंचनामा लिहिताना पंच असतात गावातलेच दोघं, घाई असते, अंधार असतो, आणि मजकूर उतरतो तो असा: "एक लाल रंगाचा ट्रॅक्टर व ट्रॉली, अंदाजे किंमत 7,00,000 रुपये, त्यात अंदाजे 40 चुंगड्या सोयाबीन." (चुंगडी म्हणजे पोतं.) या एका ओळीत पुढच्या तीन भानगडी भरलेल्या आहेत.

पहिली भानगड किमतीची. बंधपत्राची रक्कम कोर्ट बहुधा पंचनाम्यातल्या किमतीवरून ठरवतं. पोलीस किंमत लिहितात ती गोल आणि चढी, कारण मोठ्या मुद्देमालाची कारवाई मोठी दिसते. बारा वर्षं जुन्या ट्रॅक्टरला 7 लाख लावले की तेवढ्या ऐपतीचा हमीदार शोधताना नाकी नऊ येतात. यावर उपाय साधा आहे. विम्याच्या पॉलिसीवर वाहनाची विमा-किंमत छापलेली असते. ती अर्जाला जोडून बंधपत्र त्या रकमेचं ठेवावं अशी विनंती करायची. विमा संपलेला असेल तर त्याच साल-मॉडेलच्या ट्रॅक्टरचा बाजारभाव शपथपत्रावर मांडता येतो, पण त्याला वजन कमी.

दुसरी भानगड सुट्या वस्तूंची. बॅटरी कोणत्या कंपनीची, टायर किती घासलेले, जॅक, टूलबॉक्स, टेप, हुकाची पिन, स्टेपनी, टाकीत डिझेल किती, यातलं पंचनाम्यात काही नसेल तर गाडी परत घेताना भांडायला जागाच उरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. मोबाईलवर केलेलं चित्रणही चालतं. पंचनामा मोघम असला तरी चित्रणात बॅटरी दिसते. अर्जात त्या चित्रणाचा उल्लेख मुद्दाम करावा.

तिसरी भानगड मालाच्या वजनाची, आणि ती लोकांच्या ध्यानात सगळ्यात उशिरा येते. समजा 40 चुंगड्या, प्रत्येकी 50 किलो, म्हणजे 20 क्विंटल लिहिले. जप्तीच्या दिवशी सोयाबीनमध्ये ओलावा 16 टक्के होता. महिना-दोन महिन्यांनी ठाण्याच्या टिनाच्या शेडमध्ये तो 12 टक्क्यांवर आला. कोरडा भाग तेवढाच, 1,680 किलो. पण 12 टक्के ओलाव्यावर एकूण वजन भरतं 1,909 किलो. एकही दाणा चोरीला न जाता 91 किलो घटले. पंचनाम्यात ओलावा नसेल तर हे 91 किलो कोणाच्या तरी अंगावर येतात. माल ठाण्यात असेल तर मुद्देमाल कारकुनावर, आणि सुपुर्तनाम्यावर सुटला असेल तर ज्यानं घेतला त्याच्यावर, कारण बंधपत्रात "20 क्विंटल हजर करीन" असं त्यानंच लिहून दिलेलं असतं. म्हणून माल ताब्यात घेताना धर्मकाट्यावर वजन, बाजार समितीच्या किंवा अडत्याच्या मीटरवर ओलावा, आणि दोन्हीच्या पावत्या पंचांसमक्ष. कापसालाही हेच लागू. ओला कापूस तर ढिगाऱ्यात तापतो, पिवळा पडतो आणि प्रतच खाली जाते. वजनाची घट त्यात किरकोळ.

आता अर्ज. पोलिसांनी जप्तीचा अहवाल कोर्टाला दिला पण वस्तू चौकशीत कोर्टापुढं आलेली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 503, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 457. वस्तू कोर्टापुढं हजर झालेली असेल तर कलम 497, जुनं 451. आम्ही शीर्षकात दोन्ही घालतो, म्हणजे कलमावरून अर्ज परत यायला नको. मजकुरात गुन्हा क्रमांक, ठाणं, कलमं, वाहनाचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, अर्जदाराची मालकी, दुसऱ्या कोणाचा दावा नसल्याचं कथन, गाडीवर काय काम अडलंय ते (पेरणी, मळणी, कापूस जिनिंगला न्यायचा), आणि कोर्ट घालील त्या अटी पाळण्याची तयारी. सोबत आरसी बुक, विमा, आधार, शपथपत्र, वकालतनामा. अर्जदार आरोपी असेल तरी अर्ज देता येतो; गाडीची मालकी आणि गुन्ह्यातला सहभाग हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

चेसिस नंबर आरसीवरून उतरवून काम भागत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा इंजिन नंबर गंज आणि ग्रीसखाली दबलेला असतो. तिथं घासलेट लावून, कापडानं पुसून, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली की आकडे उमटतात. हा छाप तपास अधिकारी घेतात, पण आपल्या माणसानं समोर उभं राहून बघावं. 3 चा 8 आणि 1 चा 7 वाचला गेला की अहवालात "नंबर जुळत नाही" येतं, मग आरटीओकडून खात्री मागवली जाते आणि त्यात पंधरवडा जातो. इंजिन बदललेलं असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल, तर तो खुलासा अर्जातच आधी द्यावा.

मालकीच्या कागदांत खेड्यातला नेहमीचा घोळ तीन प्रकारचा. आरसी वारलेल्या बापाच्या नावावर. गाडी शंभराच्या स्टॅम्पवर घेतलेली, आरटीओत नाव चढवलेलंच नाही. आणि ट्रॉलीला कागदच नाही. पहिल्यात सगळ्या वारसांचं संमतीपत्र आणि मृत्यूचा दाखला लागतो. बहिणी सासरी दूर असल्या तरी त्यांची सही टाळू नये, नाहीतर सुनावणीच्या दिवशी भलताच प्रश्न उभा राहतो. दुसऱ्यात कोर्टाच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर आहे. त्यालाच अर्जदार करावं किंवा त्याचं ना-हरकत शपथपत्र घ्यावं. विकणारा सापडत नसेल तर काम अवघड होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. ट्रॉलीचं दुखणं सगळ्यात मोठं. कायद्यानं ट्रॉलीची नोंदणी वेगळी, चेसिस नंबर वेगळा. पण गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत बनवलेल्या ट्रॉल्यांपैकी कितीतरी बिननोंदणीच्या फिरतात. मग बनवणाऱ्याचं बिल, त्याचं शपथपत्र, जुने फोटो, असं जमवावं लागतं. कोर्टं बऱ्याचदा ट्रॅक्टर आधी सोडतात आणि ट्रॉलीचा अर्ज मागं राहतो.

गाडीवर फायनान्स असेल तर आरसीवर तशी नोंद असते. हप्ते थकलेले नसतील तर बँकेचं ना-हरकत पत्र आणून लावावं. थकलेले असतील तर कंपनी स्वतःच ताब्यासाठी अर्ज टाकते, आणि मग दोन दावेदार समोरासमोर. अशा वेळी हप्त्याचा काही भाग भरून पावती दाखवली तर पारडं झुकतं. अपघातातली, विमा नसलेली गाडी ही वेगळीच गोष्ट. जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना मिळणाऱ्या भरपाईपोटी पुरेशी रक्कम वा जामीन भरल्याशिवाय ती सुटणं कठीण, आणि ते रास्तही आहे.

अर्ज दाखल झाला की सरकारी वकिलांचा आणि तपास अधिकाऱ्याचा से, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतात. इथं अर्ज रखडतो. कोर्टाचं पत्र टपालानं ठाण्यात जायचं, तिथून तपास अधिकाऱ्याकडे, तो बंदोबस्तावर, मग तारीख. पत्र हमदस्त, म्हणजे आपल्या हातानं न्यायला, मागून घ्यावं, स्वतः ठाण्यात नेऊन द्यावं, पोच घ्यावी आणि पोच कोर्टात दाखवावी. पुढच्या तारखेला से आला नाही तर कोर्टाला विलंब कोणाचा ते कागदावर दिसतं. से मध्ये ठरलेल्या दोन-तीन हरकती असतात: तपास चालू आहे, गाडी पुन्हा गुन्ह्यात वापरतील, ओळख पटवायला लागेल. त्यांना उत्तर म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य हा 1 ऑक्टोबर 2002 चा निकाल सगळेच लावतात. पण बहुतेक जण त्याचं नाव लिहून थांबतात. तो निकाल आला कशातून ते वाचण्यासारखं आहे. सुरतच्या एका ठाण्यातल्या पोलिसांवरच मुद्देमाल बदलल्याचा, त्यातली रक्कम लाटल्याचा आणि परवानगीशिवाय लिलाव केल्याचा आरोप होता. म्हणूनच कोर्टानं सांगितलं, की पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि वस्तू सोडा. वाहनं ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं कुजवण्यात काही अर्थ नाही. नव्या संहितेनं हे कलम 497 मध्येच आणलं. वस्तू हजर झाल्यापासून 14 दिवसांत तिचं वर्णनपत्र, फोटो, गरज पडल्यास चित्रण, आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. फोटोंना पुरावा म्हणून मान्यता आहे. "ओळख पटवायला लागेल" या हरकतीचं बळ तिथंच संपतं.

आदेश झाला म्हणजे गाडी सुटली असं नाही. बंधपत्र, हमीदार, हमीपत्र. हमीदाराचा सातबारा कोर्टात ठेवण्याआधी स्वतः नीट वाचावा. खातं सामाईक असेल, इतर हक्कात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल, किंवा जमीन भोगवटादार वर्ग 2 (विकायला सरकारी परवानगी लागणारी) असेल, तर कारकून तो बाजूला ठेवतो. ऐपतीचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो, म्हणून अर्ज टाकला त्याच आठवड्यात ते काम सुरू करावं. अटी साधारण सारख्याच: गाडी विकायची नाही, गहाण टाकायची नाही, रंग-रूप बदलायचं नाही, बोलावलं की हजर करायची, चारही बाजूंचे फोटो द्यायचे. अट नको इतकी कडक असेल, उदाहरणार्थ बंधपत्राऐवजी रोख भरणा, तर त्याच कोर्टात अट सैल करण्याचा अर्ज करता येतो. अर्जच फेटाळला तर सत्र न्यायालयात फेरतपासणी.

ठाण्यात जाताना चार्ज केलेली बॅटरी, पाच लिटर डिझेल, हवेचा पंप आणि एक मेकॅनिक सोबत न्यावा. ठाण्याच्या मागच्या आवारात, बेशरमाच्या झुडपात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या वायरिंगला उंदीर लागलेले असतात, डिझेल फिल्टरमध्ये पाणी असतं, आणि मुद्देमाल क्रमांकाचं पुठ्ठ्याचं लेबल पावसानं धुऊन कोरं झालेलं असतं. लेबल कोरं असेल तर मालखान्याच्या नोंदवहीतला क्रमांक पाहूनच पुढं सरकावं. ताबापावतीवर सही करण्याआधी पंचनामा हातात धरून एकेक वस्तू जुळवावी. जॅक नसेल तर पावतीवरच "पंचनाम्यात नमूद जॅक मिळाला नाही" असं लिहून मग सही. जमादारसाहेब म्हणतील, "अहो, नंतर देतो ना." नंतर कोणी देत नाही, आणि कोऱ्या पावतीवर सही झालेली असली की मागायची सोयही राहत नाही.

रेतीत आधी महसूल का म्हटलं, ते सांगतो. वैनगंगा, वर्धा, पैनगंगेच्या काठच्या तालुक्यांत जप्तीची निम्मी भांडणं रेतीचीच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली गौण खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. कलम 48(8) खाली गाडी जप्त होते आणि ती 48 तासांत जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या, उपजिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून खाली नसलेल्या अधिकाऱ्यापुढं हजर करायची असते. दंड आणि वैयक्तिक बंधपत्र भरून ती सोडण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला. वाहनाचा दंड प्रकारानुसार: ट्रॅक्टर-ट्रॉलीचा वेगळा, हायवाचा वेगळा, पोकलेनचा त्याहून जबर. त्यामुळे तहसीलदाराच्या सहीनं वाहनाचा दंड झालेला दिसला तर आदेश अधिकार असलेल्या अधिकाऱ्याचा आहे का, हे पहिलं तपासावं. त्यात भर म्हणजे त्याच घटनेची फिर्याद पोलिसांतही जाते, चोरीच्या कलमाखाली. मग गाडी दोन खुंट्यांना बांधलेली. कोर्टानं सुपुर्तनाम्यावर सोडली तरी महसूलचा दंड शिल्लक असतो, आणि दंड भरला तरी ठाणेदार कोर्टाचा आदेश मागतात. दोन्ही कामं एकाच वेळी चालवावीत. रॉयल्टीची पावती असेल तर तिच्यावरची वेळ आणि घाटाचं नाव पकडलेल्या जागेशी जुळतं का ते पाहावं. सकाळी सहाची पावती आणि संध्याकाळी सातला, घाटाच्या उलट्या दिशेला पकडलेली ट्रॉली, हे कागद कोर्टात दाखवून फायदा तर नाहीच, उलट खोटेपणा उघड होतो. रेतीचं मोजमाप ब्रासमध्ये लिहितात, 100 घनफूट म्हणजे 1 ब्रास. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि रेतीची उंची टेपनं मोजून गुणाकार केला की कळतं, दंड 1 ब्रासवर लावला की दीड ब्रासवर.

गाडीपेक्षा माल सोडवणं अवघड. गाडीला नंबर असतो. सोयाबीनला, तुरीला नसतो. गोदाम फोडून नेलेली तूर तीन दिवसांनी दुसऱ्या तालुक्यातल्या खळ्यावर सापडली तर ती फिर्यादीचीच कशावरून? इथं चुंगड्या बोलतात. शिवणीच्या दोऱ्याचा रंग, पोत्यावरचा शाईचा शिक्का, बियाण्याच्या कंपनीची रिकामी चुंगडी पुन्हा वापरलेली, काट्याची पट्टी, अडत्याची पावती, ई-पीक पाहणीतली नोंद. सगळं मिळून चित्र तयार होतं. पकडला गेलेला माणूसही तोच माल आपल्या वावरातला आहे म्हणत असेल, तर त्याच्या सातबाऱ्यावर त्या हंगामात तूर आहे का, हा पहिला प्रश्न. दोघांचे दावे सारखे वाटले तर कोर्ट माल विकून पैसा जमा ठेवायला सांगतं, आणि आमच्या मते शेतमालात तोच शहाणपणाचा मार्ग आहे. कलम 497 मध्येच तशी तरतूद आहे. शिवाय मालक सापडत नसेल आणि माल नाशवंत असेल, किंवा किंमत 10 हजारांच्या आत असेल तर कलम 505. विक्री बाजार समितीच्या आवारात, त्या दिवसाच्या बोलीनं व्हावी असं अर्जात लिहून मागावं, नाहीतर ठाण्यातच दोन व्यापारी बोलावून उरकलं जातं.

जनावरांत खर्चाचा प्रश्न आधी. जप्त गोवंश खटला चालू असताना गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवतात आणि चाऱ्यापाण्याचा खर्च आरोपीवर येतो. बैलजोडी शेतीसाठीच नेत होतो असं म्हणणाऱ्याकडे आठवडी बाजाराची खरेदी पावती, कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि पशुवैद्यकीय दाखला हवा. ताबा लांबेल तसा खर्च वाढतो, आणि मग बैलाच्या किमतीहून बिल मोठं होतं.

या सगळ्याचा थोरला भाऊ म्हणजे युद्धात पकडलेल्या जहाजांचं कोर्ट, प्राइझ कोर्ट. समुद्र आपल्यापासून कितीही लांब असला तरी आपल्याकडे त्यासाठीचा स्वतंत्र कायदा आहे, नौदल व विमान प्राइझ अधिनियम, 1971. त्याखाली अशी न्यायालयं नेमता येतात. तिथली रीत वाचली की सुपुर्तनाम्याचं वळण ओळखीचं वाटतं. शत्रूचं किंवा संशयित जहाज पकडलं म्हणून ते लगेच पकडणाऱ्याचं होत नाही. ते बंदरात आणायचं, जहाजावरचे सगळे कागद जसेच्या तसे शपथेवर कोर्टात द्यायचे, खलाशांच्या जबान्या घ्यायच्या, ज्यांचा कोणाचा हक्क असेल त्यांनी यावं अशी जाहीर सूचना काढायची. मालाचा मालक शपथपत्रासह दावा दाखल करतो. कुजणारा माल मूल्यांकन करून विकतात आणि पैसा कोर्टात ठेवतात. जामिनावर जहाज सोडताही येतं. फरक दोन. पुराव्याचा भार तिथं बऱ्याच अंशी दावेदारावर असतो. आणि शेवटी जहाज जप्त ठरलं तर जुन्या काळी त्याच्या विक्रीतला वाटा पकडणाऱ्या खलाशांना मिळे; आपल्याकडे ठाणेदाराला ट्रॉलीतली तूर वाटून मिळत नाही, निदान कायद्यानं तरी.

जहाज आणि माल यांचा हिशेब तिथंही वेगळा. जहाज कोणाचं ते बहुधा झेंड्यावरून, माल कोणाचा ते मालकावरून आणि बिल्टीवरून. 1856 च्या पॅरिस जाहीरनाम्यानं ठरवलं, की तटस्थ झेंड्याखालचा शत्रूचा माल पकडायचा नाही, आणि शत्रूच्या जहाजावरचा तटस्थाचा मालही नाही. अपवाद फक्त युद्धनिषिद्ध मालाचा. हा अपवाद केवढा मोठा, ते वऱ्हाडानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1870 मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला तो कापूस मुंबईच्या बंदराकडे ओढायला. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट 1915 मध्ये, ब्रिटननं कापूसच युद्धनिषिद्ध मालात घातला, कारण त्यापासून स्फोटकं बनतात. एका जाहीरनाम्यानं साध्या गाठी धरण्याजोग्या झाल्या. आपल्याकडे रेती काल बांधकामाचं सामान होती आणि घाटाचा लिलाव न झालेल्या हंगामात चोरीचा माल ठरते, त्यातलाच प्रकार.

पकडणाऱ्याला लगाम घालणारे निकालही त्या कोर्टांत झालेत. झामोरा या स्वीडिश जहाजावरचं तांबं ब्रिटिश सरकारला निकालाआधीच वापरायला हवं होतं. प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनच्या वरच्या अपील न्यायालयानं, 1916 मध्ये सांगितलं, की प्राइझ कोर्ट आंतरराष्ट्रीय कायद्यानं चालतं, सरकारच्या हुकमानं नाही, आणि पुरेशा कारणाशिवाय माल उचलता येणार नाही. पाकेते हबाना आणि लोला या क्यूबाच्या मच्छीमारांच्या दोन होड्या, ताज्या मासळीसकट, 1898 च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकन नौदलानं धरल्या. फ्लोरिडातल्या की वेस्ट या गावच्या कोर्टानं त्या 490 आणि 800 डॉलरला लिलावात काढल्या. 8 जानेवारी 1900 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की किनाऱ्यावर मासे धरून पोट भरणाऱ्यांच्या होड्या युद्धातही पकडायच्या नसतात. विक्रीचे पैसे आणि नुकसानभरपाई परत द्या. होड्या मात्र विकल्या गेलेल्या होत्या. पोट ज्यावर चालतं ती वस्तू आधी सोडा, हा मुद्दा अर्जात मांडताना हा निकाल तालुक्याच्या कोर्टात लावायची गरज नाही, पण पेरणीच्या तोंडावर अडकलेल्या ट्रॅक्टरसाठी मुद्दा तोच.

सुपुर्तनाम्याचं काम गाडी घरी आली की संपत नाही. बंधपत्र खटला संपेपर्यंत जिवंत असतं. मधल्या काळात गाडी विकली, मुलानं दुसऱ्याला दिली, ट्रॉली कापून भंगारात घातली, आणि पाच-सहा वर्षांनी साक्षीच्या वेळी "मुद्देमाल हजर करा" असं समन्स आलं, तर कलम 491 खाली बंधपत्राची रक्कम जप्त होते, हमीदाराकडूनही. विकायचीच असेल तर आधी कोर्टाची परवानगी घ्यावी. फोटो आणि वर्णनपत्र नोंदीवर असेल तर ती मिळू शकते. गाडीचा मालक वारला तर वारसांनी लगेच कोर्टाला कळवावं.

निकालपत्राच्या शेवटच्या पानावर मुद्देमालाचा परिच्छेद असतो, तो वकिलाकडून वाचून घ्यावा. "सुपुर्तनामा अपील मुदतीनंतर रद्द, वाहन मालकाकडे कायम" असं लिहिलेलं असेल तर ठीक. काहीच लिहिलेलं नसेल तर अपिलाची मुदत संपल्यावर कलम 498 खाली अर्ज देऊन तो आदेश मागून घ्यावा, बंधपत्र रद्द करून घ्यावं आणि नक्कल काढून ठेवावी. काही कोर्टं हमीदाराच्या सातबाऱ्यावर हमीची नोंद घ्यायला लावतात. ती कमी करायला तलाठी हीच नक्कल मागतो, आणि ती नोंद कमी होईपर्यंत हमीदाराला पीककर्जाच्या वेळी बँकेत उत्तरं देत बसावी लागतात.